सहा शीटांचं खोरं

तुम्हाला जी जागा बघायची असते ती टोपोशीटच्या मधोमध कधीही येत नाही. ती कडेला येते, आणि कोपरा मोकळा असेल तर कोपऱ्यात येते. जुने ट्रेकर हे सांगतात तेव्हा नवी पोरं हसतात. अशा पोरांच्या हातात कोयनेच्या खोऱ्याची टोपोशीटं द्यावीत आणि आपण चहा टाकायला आत जावं.

भारतीय सर्वेक्षण विभागानं देश चार-चार अंशांच्या चौकोनांत कापला आणि त्यांना नंबर दिले. आपल्या वाट्याला 47 आला. त्याचे सोळा तुकडे करून त्यांना इंग्रजी अक्षरं लावली. कोयना 'जी' मध्ये पडते. 'जी'चे पुन्हा सोळा तुकडे, प्रत्येक पंधरा मिनिटांचा. ही मिनिटं अंशाची, घड्याळाची नव्हेत. घडी घालताना मात्र घड्याळाची लागतात. यातल्या दोन उभ्या रांगांमधली सीमा म्हणजे 73 अंश 45 मिनिटं पूर्व रेखांश. आता कोयनेची चाल बघा. महाबळेश्वरला उगम पावून ती साठ-पासष्ट किलोमीटर सरळ दक्षिणेला येते आणि ती नेमकी या रेखांशाच्या आगेमागे! कधी या शीटात, कधी त्या शीटात. हेळवाकाजवळ अचानक काटकोनात डावीकडं वळून कराडच्या दिशेनं जाते, तेव्हा कुठं नकाशा बघणाऱ्याला हायसं वाटतं. तोवर 47 जी/9, 10 आणि 11 ही डावीकडं, 13, 14 आणि 15 ही उजवीकडं अशी सहा शीटं झालेली असतात. आणि कोयना धरण? ते या रेखांशाच्या अगदी अंगाला चिकटून, म्हणजे सांध्यावर. धरणाची जागा निवडताना खडक, दरीची रुंदी, पाण्याचा साठा असल्या किरकोळ गोष्टी बघतात. टोपोशीट कुठं संपतं हे कुणी विचारतच नाही.

शीटाचं प्रमाण 1:50,000, म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर दोन सेंटिमीटर. सहा शीटं जोडली की साडेपाच फूट उंच आणि साडेतीन फूट रुंद खोरं तयार होतं. ते हॉलमध्ये अंथरायचं तर टीपॉय हलवावा लागतो, पंखा बंद करावा लागतो आणि समास एकमेकांखाली सरकवावे लागतात. समास कापावेत तर सूची जाते. ठेवावेत तर मधेच दोन बोटं पांढरी जमीन दिसते, जी सह्याद्रीत कुठंही नाही. आमच्याकडं हा उद्योग चालला असताना आई स्वयंपाकघरातून आली.

"हे काय मांडलंय?"

"कोयनेचं खोरं."

"उचला. पानं घ्यायचीत."

खोऱ्यात पाणी शिरतंय म्हणून धरणाच्या वेळी गावं उठवली; इथं आमटीसाठी सबंध खोरंच उठलं.

हे कागद मिळवणं ही पूर्वी वेगळी चढाई होती. समुद्रकिनाऱ्याजवळच्या पट्ट्यातली टोपोशीटं निर्बंधित असायची, आणि सह्याद्रीचं दुर्दैव असं की तो किनाऱ्याला फार लगटून उभा आहे. शत्रूला वासोटा किल्ल्याची वाट कळू नये म्हणून ती आपल्यालाही कळू द्यायची नाही, असा साधारण हिशोब. जुन्या मंडळींकडं झेरॉक्सची झेरॉक्स असायची. तिच्यात निळी नदी, तपकिरी डोंगर, हिरवं जंगल, तांबडा रस्ता हे सगळं एकाच काळपट रंगात एकत्र नांदायचं, आणि ती दाखवताना माणूस आवाज खाली करायचा. इकडं हे चाललेलं असताना 2000 सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेचं 'एंडेव्हर' हे अंतराळयान रडार घेऊन वर गेलं आणि अकरा दिवसांत पृथ्वीवरच्या जवळपास 80 टक्के जमिनीची उंची मोजून खाली आलं. त्यात आपली धार, आपली नाळ, आपलं पठार सगळं आलं. 2017 साली सर्वेक्षण विभागाला 250 वर्षं झाली, तेव्हा आधार क्रमांक घेऊन खुली टोपोशीटं फुकट उतरवून घ्यायची सोय झाली. त्या काळपट झेरॉक्सा ज्यांनी जिवापाड जपल्या त्यांचा चेहरा त्या दिवशी बघवत नव्हता. कष्टानं मिळवलेली गोष्ट फुकट झाली की मराठी माणसाला आनंद होत नाही.

आता कंटूर. शाळेत याला समोच्च रेषा म्हणतात आणि दोन मार्कांना विचारतात. सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेघ, दोन रेघांमधलं अंतर वीस मीटर उंचीचं, इतकंच शास्त्र. लांबून पाहिलं तर प्रत्येक डोंगर म्हणजे अंगठ्याचा ठसा. रेघा लांब लांब असतील तर चढ सौम्य, दाटीवाटीनं असतील तर अवघड. हिमालयाला, निलगिरीला हे ठीक आहे. सह्याद्री थरांनी रचलेला. लाव्हाचा एक थर उभा कडा होऊन थांबतो, त्यावर सपाटी, पुन्हा कडा. तीनशे मीटरच्या सरळ कड्यात वीस-वीस मीटरच्या पंधरा रेघा बसवायच्या आणि कड्याला जाडीच नाही, तर बिचाऱ्या नकाशाकारानं त्या काढायच्या कुठं? मग त्या रेघा एकमेकींच्या अंगावर चढतात, त्यांची एक जाड तपकिरी दोरी होते, आणि शेवटी कड्याची खूण मारून नकाशाकार मोकळा होतो. कागदावर अर्ध्या सेंटिमीटरवर दिसणारं गाव प्रत्यक्षात पायाखाली असतं. म्हणजे अक्षरशः पायाखाली. तिथल्या कोंबड्याची बांग ऐकू येते आणि तिथं पोचायला एसटीनं अर्धा जिल्हा फिरून जावं लागतं. वासोट्याच्या बाबू कड्यावर उभं राहून खाली कोकणाकडं बघितलं की ज्या कुणी पहिल्यांदा ही जागा सपाट कागदावर उतरवायचं मनावर घेतलं त्याच्या धैर्याची कमाल वाटते. किंवा त्याच्या साहेबाच्या धैर्याची. साहेब कचेरीत होता.

हे मोजमापाचं वेड आपल्याकडं आणलं विल्यम लँबटन या गृहस्थानं. 1802 साली मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजून त्यानं त्रिकोणांवर त्रिकोण रचत देश मोजायला घेतला. त्याचा थिओडोलाइट होता सुमारे अर्ध्या टनाचा. विलायतेहून येताना वाटेत तो फ्रेंचांनी पकडला. मॉरिशसच्या फ्रेंच गव्हर्नरानं उघडून बघितला, हे शस्त्र नव्हे एवढं ओळखलं आणि सौजन्यानं पुढं पाठवून दिला. शत्रूच्या तावडीतून सुखरूप सुटलेलं ते यंत्र 1808 साली तंजावरला देवळाच्या गोपुरावर चढवताना दोर तुटून आपटलं. लँबटननं तंबूत बसून ते हातांनी ठाकठीक केलं. आपल्याकडं एवढ्यावर चौकशी समिती नेमली असती आणि पुढचे त्रिकोण समितीच्या अहवालापर्यंत थांबले असते. लँबटन मात्र उत्तरेकडं सरकत राहिला आणि 1823 साली वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. अर्धा हिंदुस्थान मोजणाऱ्या माणसाची कबर विदर्भात आहे. हिंगणघाट तसं सपाट आहे. दमलेल्या माणसानं निवांत पडावं असंच.

डोंगर सोपे, त्रिकोण काढायला शिखरंच लागतात. पंचाईत करतं जंगल. दुर्बिणीला समोरचा माणूस दिसला पाहिजे, आणि कोयना-चांदोलीच्या रानात समोर जांभूळ, अंजनी, हिरडा आणि त्यांना लपेटलेल्या वेली. खलाशांनी, म्हणजे मोजणीच्या मजुरांनी, फांद्या तोडून रेषा मोकळी करायची, साहेबानं प्लेन टेबलावर रेघ ओढायची. पुढं विमानातून फोटो काढायची सोय झाली, तर वरून दिसायचे झाडांचे शेंडे. जमीन त्यांच्याखाली कुठंतरी असणार असं धरून झाडाची उंची वजा करायची. कुठल्या झाडाची? जिथं जंगल गच्च तिथं हा कंटूर थोडासा श्रद्धेचा विषय आहे. 'एंडेव्हर'च्या रडारनंही पुष्कळ ठिकाणी शेंडेच मोजले. म्हणून कधीकधी ॲप सांगतं की तुम्ही टेकडीवर आहात आणि तुम्ही खरं तर सपाटीवर, एका मोठ्या झाडाखाली उभे असता.

टोपोशीटावर रानाचं वर्णन करायची सरकारी पद्धत तर मला फार आवडते. खुरटं रान, विरळ रान, आणि मग 'बऱ्यापैकी दाट मिश्र जंगल'. बऱ्यापैकी! ज्या माणसाच्या पायाला जळवा लागल्यात, शर्ट करवंदीच्या जाळीत राहिलाय, पुढची वाट दिसत नाही, तो सायंकाळी तंबूत बसून लिहितो, 'बऱ्यापैकी'. नोकरी माणसाला किती संयम शिकवते!

जळवांचं मी चुकीच्या जागी घातलं खरं. कारण सर्वेक्षणवाले पावसाळ्यात येतच नाहीत. त्यांचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि उन्हाळ्यात संपतो. पावसाळ्यात कचेरीत बसून हिशोब. धोरण शहाणपणाचंच आहे, कारण महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच-साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यात कागदाचा लगदा होतो. पण त्यामुळं झालंय काय, की देशातल्या सर्वांत ओल्या डोंगरांपैकी हा एक नकाशावर कोरडा ठणठणीत आहे. टोपोशीटाचा नियम असा, की बारमाही पाणी निळं आणि कोरडा ओढा काळा. मार्चमध्ये बघितल्यावर ओढा काळाच दिसणार. जुलैमध्ये त्याच काळ्या रेघेपाशी तुम्ही येता तेव्हा ती छातीएवढी खोल, मातकट लाल आणि एका म्हशीसकट वाहत असते. ग्रूपमधला नकाशावाला हातातल्या प्लास्टिकच्या पाकिटातलं शीट बघून शांतपणे म्हणतो, "इथं पाणी नाहीये."

हा नकाशावाला प्रत्येक ग्रूपात एक असतो. बहुधा निवृत्तीला आलेला इंजिनिअर. सगळे त्याला 'सर' म्हणतात. गळ्यात होकायंत्र, कानाला पेन्सिल. वाट चुकली तरी तो 'चुकली' म्हणत नाही, 'आपण आता 760 च्या कंटूरला आहोत' असं म्हणतो. उंचीच्या बाबतीत त्याचं सहसा बरोबर असतं. वाटेच्या बाबतीत कंटूर काहीच बोलत नाही, ही त्याची अडचण नव्हे.

उंचीचं आपल्याला तसंही अप्रूप फार. रेल्वेच्या प्रत्येक स्टेशनावर पिवळ्या पाटीच्या तळाशी समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. आपण ती मोठ्यानं वाचतो, पोराला वाचायला लावतो आणि मग तिचं काय करायचं ते कुणालाच सुचत नाही. त्या उंचीमागं केवढा खटाटोप आहे! तेव्हाच्या हिंदुस्थानातल्या नऊ बंदरांवर भरती-ओहोटी वर्षानुवर्षं मोजून 1909 साली समुद्राची 'सरासरी पातळी' ठरवली; मुंबईचं अपोलो बंदर त्यातलं एक. म्हणजे गेटवेपाशी जे पाणी हिंदकळत असतं त्याच्यावर विश्वास ठेवून आपण कळसूबाईची उंची सांगतो.

पण एक कंटूर असा आहे की जो सातारा, सांगली, कोल्हापूरच्या माणसाला तोंडपाठ असतो. 2,163 फूट. कोयना धरण भरल्याची ही पातळी. जुलै-ऑगस्टात पेपरच्या पहिल्या पानावर रोज पातळी येते, आणि ज्याला समोच्च रेषा म्हणजे काय ते दहावीतही कळलं नव्हतं तो सांगलीतल्या कट्ट्यावर बसून "2,150 गेली, आता दरवाजे उचलणार बघ" असं भाकीत करतो. सगळा देश मीटरवर गेला, कोयना फुटावरच राहिली. मीटरात सांगितलं तर सांगलीकराला भीतीच वाटणार नाही.

ही पातळी टोपोशीटावर निळ्या रंगानं भरलेली आहे. शिवसागर जलाशय नकाशावर कायम भरलेला असतो, बारा महिने, एकाही टीएमसीची घट नाही. प्रत्यक्षात मे महिन्यात पाणी पार खाली उतरतं. बामणोलीहून नावेत बसायला तांबड्या चिखलातून बराच वेळ खाली उतरावं लागतं, आणि तेव्हा बाजूच्या उतारावर बघावं. पाणी थांबत थांबत उतरलेलं असतं, दर मुक्कामाला एक रेघ सोडून. काठाच्या प्रत्येक वळणात, प्रत्येक ओढ्याच्या खाचेत आत शिरून पुन्हा बाहेर आलेल्या, एकमेकींना कुठंही न छेदणाऱ्या तांबड्या-करड्या रेघा. मास्तरांनी वर्षभर फळ्यावर डोकं फोडून जे समजावलं ते इथं पाण्यानं स्वतः, एकाही सेंटिमीटरची चूक न करता जमिनीवर काढून ठेवलेलं असतं. शाळांच्या सहली मात्र दिवाळीनंतर येतात. तेव्हा पाणी भरलेलं असतं आणि मुलं वेफर्स खात असतात.

उघड्या पडलेल्या त्या जमिनीवर गाळपेर होते. माणसं ओल बघून पेरतात, पाणी चढायच्या आत काढतात. मोबाईल उघडून बघितलं तर त्या शेतातला माणूस, त्याचे बैल आणि तुम्ही, सगळे निळ्या पाण्यात बुडालेले. आमच्यातल्या एकानं तसा स्क्रीनशॉट घरच्या ग्रूपवर टाकला आणि त्याच्या मावशीनं रात्रभर फोन करून त्याला बेजार केलं.

या खोऱ्यातली सर्वांत धाडसी नकाशावाचनाची गोष्ट धरणवाल्यांची आहे. नदी पूर्वेला, कृष्णेला भेटायला निघालेली. पण पश्चिमेची डोंगररांग ओलांडली की कंटूर एकदम दाटतात. कोकण तिथं चारशे-पाचशे मीटर खाली पडलेलं. कुणीतरी हे बघून ठरवलं की पाणी पूर्वेला अडवायचं आणि बोगद्यानं पश्चिमेला पाडायचं. पोफळीच्या भूमिगत वीजगृहापासून पुढच्या टप्प्यांपर्यंत, प्रकल्पाच्या 1,960 मेगावॅटपैकी जवळपास सगळी वीज त्या दाट रेघांमधून निघते. बंगालच्या उपसागराला जायचं पाणी असं वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जातं. कराडकरांचं पाणी चिपळूणकरांनी नेलं, असा वाद कराडात अजून ऐकू येतो, आणि ऐन पावसाळ्यात चिपळूणकर म्हणतात, घेऊन जा परत.

नकाशावर राहिलेली आणि जमिनीवर न राहिलेली गावं या खोऱ्यात पुष्कळ आहेत. काही पाण्याखाली गेली. काही, कोयना अभयारण्य झालं, 2004 साली चांदोली राष्ट्रीय उद्यान झालं, पुढं दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हा उठली. ओसाड गावाला टोपोशीटात वेगळी खूण आहे. विनोदी लेखात तिच्यावर फार वेळ थांबता येत नाही, पण त्या खुणेपाशी बोट आलं की सरही कंटूर सांगायचं थांबतात.

जंगलात शिरायचं तर परवानगी लागते आणि वाटाड्या लागतो, आणि तिथं नकाशाची खरी परीक्षा होते. आमच्या एका खेपेला वाटाड्या म्हणून धनगरवाड्यावरचे एक मामा आले. सत्तरीचे, पायात टायरच्या चपला, खांद्यावर कुऱ्हाड. सरांनी ॲप बघून जाहीर केलं, दोन पूर्णांक तीन किलोमीटर. मामांना विचारलं, "मामा, किती लांब?"

मामांनी उत्तर दिलं नाही. आधी विचारणाऱ्याचे बूट बघितले, मग पाठीवरची सॅक, मग पोट. मग म्हणाले, "तुमास्नी दोन तास. ह्या पोराला याक. आन् म्हस गाभण आसल तर संध्याकाळ."

सर चिडले. "मामा, अंतर म्हणजे अंतर. माणसागणिक बदलत नाही."

"मग चला की सरळ," मामा म्हणाले आणि समोरच्या कड्याकडं कुऱ्हाड दाखवली.

आम्ही गेलो मामांच्या मागून. ओढा ओलांडून सोंड धरली, सोंडेवरून पदरात, पदरातून आडवं जाऊन नाळेच्या तोंडाशी. यातलं एकही नाव टोपोशीटावर नव्हतं, आणि टोपोशीटावरचे 'स्पॉट हाइट 1,024' मामांना माहीत नव्हते. ते त्याला 'सासूचा टेप' म्हणत होते. का, ते त्यांनी बायका सोबत असल्यानं सांगितलं नाही. गच्च रानात शिरलो तशी जीपीएसची खूण बहकली. एकदा तिनं आम्हाला ओढ्यापलीकडं टाकलं, एकदा कड्याच्या पोटात. सर मोबाईल आकाशाकडं धरून उपग्रह शोधत होते आणि मामा खाली बघून कालचं अस्वल कुठं गेलं ते सांगत होते. सरांना दोन तास दहा मिनिटं लागली. ते वेळ बघून काहीच बोलले नाहीत.

वर सपाटीवर भाकरी सोडल्यावर मात्र मामांनीच विषय काढला. "त्यो कागूद बघू जरा." सरांनी मोठ्या आनंदानं शीट अंथरलं, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. मामा लिहिता-वाचता येत नसल्याचं सांगत होते, पण नदी दाखवल्यावर बाकी खोरं त्यांनी झटक्यात ओळखलं. बोट धारेवरून फिरवत नेलं आणि एका जागी थांबवलं. "ह्यो आमचा वाडा."

खरंच तिथं तीन बारीक ठिपके होते, झोपड्यांचे.

"तीनच हायती. आता पाच घरं हायती."

"जुनं सर्वेक्षण आहे मामा."

"आन् गोठा?"

"गोठा दाखवत नाहीत."

मामा विचारात पडले. "म्हशी घराबिगर ऱ्हातील, मानूस गोठ्याबिगर न्हाई. लिवा."

सर म्हणाले, सरकारी नकाशावर असं काहीही लिहिता येत नाही, त्याला पडताळणी लागते, पद्धत असते.

"सातबाऱ्यावर पन आमचं नाव लागंना. चाळीस वरसं झाली, तलाठी म्हनतोय पद्दत आसती." मामांनी सरांच्या कानावरची पेन्सिल स्वतःच काढून त्यांच्या हातात दिली. "तुमी लिवा. तुमचं अक्षार बरं हाय."